अमेरिकेतून जर्मनीत राहायला जाताना या चुका टाळा

अमेरिकी पासपोर्टवर जर्मनीत येणं सोपं आहे, आणि पुढच्या बऱ्याच घोळांचं मूळ या सोपेपणातच असतं. आधी व्हिसा न काढता विमानात बसायचं आणि राहण्याच्या परवान्याचा अर्ज इथे उतरल्यावर करायचा, ही मुभा अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा मोजक्याच देशांच्या नागरिकांना आहे. त्यामुळे वाटतं, बाकीचंही पोचल्यावर बघू. जर्मन कारभार मात्र क्रमाने चालतो. एक कागद नसला की पुढचे तीन अडतात. अमेरिकेत फोनवर ‘तुमच्या सुपरवायझरला द्या’ म्हटल्यावर जे मार्गी लागतं, ते इथे लागत नाही. ऑस्टिन किंवा न्यू जर्सी सोडून म्युनिक-बर्लिन गाठणाऱ्या मराठी घरांनाही हेच अडथळे येतात, वर त्यांचे स्वतःचे दोन-चार असतात.

घरात दोन देशांचे पासपोर्ट

नवरा अमेरिकी नागरिक, बायकोकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड, मुलं अमेरिकेत जन्मलेली. अशा घरात सगळ्यांनी एकाच विमानाची तिकिटं काढून टाकणं ही सर्वात महागात पडणारी चूक. ग्रीन कार्डाला जर्मनीत काही किंमत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या जोडीदाराला दीर्घ मुदतीचा व्हिसा अमेरिकेतल्या जर्मन वकिलातीतून आधीच घ्यावा लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन तो इथे बदलून घेण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे बंदच असतो.

त्यातच ग्रीन कार्डाचीही काळजी घ्यायला हवी. अमेरिकेबाहेर सलग वर्षाहून जास्त राहिलात तर ते हातचं जाऊ शकतं. पुनर्प्रवेशाचा परवाना काढता येतो आणि तो साधारण दोन वर्षं चालतो, पण त्याचा अर्ज अमेरिकेच्या भूमीवर असतानाच करावा लागतो. हे बर्लिनला पोचल्यावर कळून उपयोग नाही.

अमेरिकी नागरिकासाठीही एक मेख आहे. बिनव्हिसाच्या ९० दिवसांत अर्ज करता येतो, पण काम करण्याची परवानगी हातात पडेपर्यंत काम सुरू करता येत नाही, आणि मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. नोकरी रुजू होण्याची तारीख ठरलेली असेल, तर मिळत असलेली सवलत बाजूला ठेवून व्हिसा अमेरिकेतूनच काढून आणणं शहाणपणाचं.

पत्ता नोंदवण्याआधी टपालपेटी बघा

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, याला इथे आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो, आणि सुट्टीपुरतं भाड्याने दिलेल्या घरांचे मालक तो द्यायला सहसा तयार नसतात. म्हणून पहिल्या महिन्या-दोन महिन्यांसाठी घर घेताना भाड्याच्या आधी विचारायचा प्रश्न एकच: पत्ता नोंदवता येईल का?

या नोंदणीनंतर अकरा आकडी करक्रमांक टपालाने येतो. तो आला नाही आणि कंपनीला वेळेत मिळाला नाही, तर पगारावर सहाव्या करवर्गाने कर कापला जातो. हा वर्ग सर्वात जास्त कापणारा. पहिली पगारपावती बघून धक्का बसला तर आधी हाच रकाना तपासा. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण घर लावण्याच्या महिन्यात खिशात पैसे नसतात ते नसतातच.

क्रमांक का आला नाही, याचं उत्तर पुष्कळदा टपालपेटीवर असतं. जर्मन पोस्टमन फ्लॅट नंबर शोधत नाही. बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. तो पेटीवरचं आडनाव वाचतो आणि ते नसलं की पत्र परत पाठवतो. बायकोने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर दोन्ही आडनावं हवीत. साध्या कागदावर लिहून चिकटवलेलंही चालतं. पुढे बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, पिन क्रमांकाचं वेगळं पत्र, सगळं याच पेटीत येणार आहे.

नोंदणीच्या अर्जावर धर्माचा रकाना असतो. अमेरिकेत असल्या रकान्याकडे कोणी गंभीरपणे बघत नाही, इथे त्यावरून पैसे कापले जातात. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकराच्या वर चर्चचा कर लागतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतर राज्यांत ९ टक्के. हिंदूंना तो लागत नाही. वसई किंवा गोव्याकडच्या कॅथलिक कुटुंबांनी मात्र कार्यालयाच्या रांगेत उभं राहण्याआधी घरात बसून हे बोलून घ्यावं, कारण नंतर बाहेर पडायचं तर रीतसर घोषणापत्र देऊन चर्चचं सभासदत्वच सोडावं लागतं.

भाड्याचा आकडा आणि नसलेलं स्वयंपाकघर

जाहिरातीतलं ‘थंड भाडं’ म्हणजे नुसत्या जागेचं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून होतं ते ‘गरम भाडं’, आणि घरातली वीज व इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. तुलना करायची ती गरम भाड्याशी. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं, आणि ते तीन समान हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. हे मालक आपणहून सांगत नाही.

‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे टू बेडरूम नव्हे. हॉल धरून दोन खोल्या, म्हणजे आपल्याकडचा वन बीएचके. त्यातला के सुद्धा गृहीत धरू नका. पुष्कळ रिकाम्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि पाण्याची जोडणी. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं आधीचा भाडेकरू उचलून नेतो किंवा तुम्हाला विकतो. दिवेही नेतो, छतातून वायरी लोंबत असतात. ‘बसवलेलं किचन’ असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर हजारो युरोंचा खर्च गृहीत धरा.

आता अमेरिकेतून काय आणायचं. तिथे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथला इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर), हेअर ड्रायर, टोस्टर नुसता प्लग बदलून लावला तर धूर निघेल. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. उपकरणाच्या पाठीवर ‘१००–२४० व्होल्ट’ असं छापलेलं असेल, जसं लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर असतं, तेच आणा. बाकीचं तिथेच विकून टाका. गंमत अशी, की अमेरिकेत जाताना पुण्याला आईकडे ठेवून दिलेला मिक्सर इथे झकास चालतो.

आकड्यांतही अमेरिकी सवय घात करते आणि भारतातली उपयोगी पडते. ०३.०४ म्हणजे तीन एप्रिल. पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा. भाडेकरारात १.२५० युरो लिहिलं असेल तर ते बाराशे पन्नास, कारण हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. हाताने लिहिलेल्या जर्मन १ ला लांब शेंडी असते आणि तो अमेरिकी डोळ्याला ७ वाटतो. बँकेचा क्रमांक उतरवून घेताना हे लक्षात असू द्या.

अंकल सॅम सोबत येतोच

सर्वात जास्त पैसा अमेरिकी कराच्या चुकांत जातो आणि सर्वात कमी विचार याचाच झालेला असतो. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही राहिले तरी कर लावते. ग्रीन कार्डधारकही यात येतात. ‘मी जर्मनीत कर भरतो, मग तिकडे विवरणपत्र कशाला’ हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना शेवटी अमेरिकेला काही द्यावं लागत नाही, पण विवरणपत्र दरवर्षी जातं. परदेशात राहणाऱ्यांना १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते, मात्र काही देणं निघत असेल तर व्याज १५ एप्रिलपासूनच चालू होतं.

दुहेरी कर टाळायचे दोन मुख्य रस्ते. परदेशातली कमाई ठराविक मर्यादेपर्यंत वगळणं, २०२५ साठी ही मर्यादा १,३०,००० डॉलर. किंवा जर्मनीत भरलेला कर अमेरिकी करातून वजा करून घेणं. पहिला रस्ता नावावरूनच आकर्षक वाटतो. पण जर्मन कर बहुधा अमेरिकी करापेक्षा जास्त असल्याने दुसराच पुष्कळांना बरा पडतो, आणि मुलं असतील तर आणखी बरा, कारण कमाई वगळली की मुलांच्या सवलतीचा परतावा म्हणून मिळणारा भाग जातो. एकदा निवडलेला रस्ता सोडून परत त्यावर यायलाही बंधनं आहेत, म्हणून पहिल्याच वर्षी दोन्ही देशांचे कर कळणाऱ्या माणसाची फी देऊन टाका.

मग परदेशी खात्यांची माहिती. सगळ्या परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी सगळी खाती कळवावी लागतात. जर्मन खात्यात पगार, घराचं डिपॉझिट साठवलेलं, एवढ्यातच ती मर्यादा ओलांडली जाते. मराठी घरात याला शेपूट असतं: ठाण्याच्या बँकेतलं एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं) खातं, वडिलांबरोबरचं जॉइंट खातं, आजोबांनी ठेवलेली एफडी. तीही यात मोजायची.

गुंतवणुकीचं प्रकरण याहून बोचरं. जर्मन सहकारी उत्साहाने सांगतात, दरमहा अमुक ईटीएफमध्ये (शेअर बाजारात विकल्या-घेतल्या जाणाऱ्या फंडात) टाक. अमेरिकी नागरिकाने ते ऐकू नये. युरोपात नोंदलेले ईटीएफ आणि म्युच्युअल फंड अमेरिकी कायद्यात वेगळ्या वर्गात मोडतात. त्यांच्यावरचा कर जाचक आहे आणि प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. भारतातल्या म्युच्युअल फंडांनाही हेच लागू. उलट अमेरिकी ईटीएफ इथले ब्रोकर विकत नाहीत, कारण युरोपच्या २०१८ पासूनच्या नियमांनी मागितलेली माहितीपत्रकं ते फंड काढत नाहीत. दोन्हीकडून कोंडी. सुटे शेअर्स, किंवा इथे यायच्या आधी उघडलेलं आणि परदेशी पत्ता चालवून घेणारं अमेरिकी ब्रोकरेज खातं, एवढेच व्यवहार्य पर्याय उरतात. त्यातही ब्रोकरला पत्ता बदलाचं कळवायच्या आधी त्याचं धोरण वाचा.

जर्मन बँकेत खातं उघडताना ‘अमेरिकी नागरिक आहात का’ हा प्रश्न येतो, कारण २०१० च्या अमेरिकी कायद्यामुळे बँकांना अशा खात्यांची माहिती कळवावी लागते. काही बँका साधं खातं देतात पण गुंतवणुकीचं नाकारतात. नकार आला तर दुसरीकडे जा. खरं नागरिकत्व लपवून खातं उघडणं हा उपाय नाही.

आणि अमेरिकी फोन नंबर बंद करू नका. तिथल्या बँकांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. सर्वात स्वस्त प्लॅनवर तो चालू ठेवा. इंटरनेटवरचे नंबर प्रत्येक बँकेला चालतातच असं नाही, म्हणून निघण्याआधी करून बघा.

आजारपण आणि औषधं

सरकारी योजनेतला आरोग्यविमा पगाराच्या १४.६ टक्के अधिक विमाकोशाचा (विमा चालवणाऱ्या संस्थेचा) स्वतःचा थोडा टक्का, निम्मा कंपनीचा. पगार ठराविक मर्यादेच्या वर असेल (२०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो) तर खासगी विमा घेता येतो. तिशीतल्या धडधाकट माणसाला तो स्वस्त दिसतो आणि अमेरिकेहून आलेला माणूस ‘खासगी म्हणजे चांगला’ समजून सही करतो. सही करण्याआधी बघा: सरकारी योजनेत न कमावणारा जोडीदार आणि मुलं फुकट धरली जातात, खासगीत माणशी हप्ता. वयाची ५५ ओलांडली की सरकारी योजनेत परतणं जवळजवळ अशक्य.

नेहमीची औषधं अमेरिकेतून पार्सलने मागवू नका. युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधं मागवायला व्यक्तींना मनाई आहे, पार्सल कस्टममध्येच अडकतं. येताना सोबत साधारण तीन महिन्यांपुरती आणता येतात. ॲडरॉल हे एडीएचडीवरचं (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरचं) औषध इथे बाजारातच नाही, त्यामुळे ते घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरशी पर्यायांबद्दल बोलावं, आणि अशा नियंत्रित औषधांचे सोबत आणण्याचे नियम आणखी कडक आहेत हेही लक्षात ठेवावं. पाचशे गोळ्यांच्या बाटल्यांची सवयही सोडा. पॅरासिटामॉल फक्त औषधाच्या दुकानात आणि चिठ्ठीशिवाय जास्तीत जास्त १० ग्रॅमचं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्यांचं पाकीट. रात्री मुलाला ताप आला तर ११६११७ ला फोन करा, जिवावरचं असेल तर ११२ ला.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध, कांदे, डायपर आणले नसतील तर स्टेशनवरच्या महाग दुकानाशिवाय गत्यंतर नाही. रविवारी भिंतीला ड्रिल लावणं आणि काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकणं, दोन्हीमुळे शेजारी कायमचा दुखावतो. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन फेकू नका, प्रत्येकाचे २५ सेंट दुकानातलं यंत्र परत देतं. रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र जाहिरात समजून टाकून देऊ नका. घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावेच लागतात, टीव्ही असो वा नसो, आणि थकबाकी मागच्या तारखेपासून येते.

गाडी

अमेरिकी लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे काय, हे ते कोणत्या राज्याचं आहे यावर ठरतं. टेक्सासचं असेल तर परीक्षेशिवाय बदलून मिळतं, फ्लोरिडाचं असेल तर लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि ज्या राज्यांशी करारच नाही त्यांना लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटतं, पण चौकातले नियमच वेगळे आहेत. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग तो किती का छोट्या गल्लीतून येईना. लाल दिव्यावर उजवीकडे वळायचं नाही, हिरव्या बाणाची पाटी असेल तरच, आणि तेव्हाही आधी पूर्ण थांबून. वळताना उजव्या बाजूने सरळ जाणाऱ्या सायकलीसाठी खांद्यावरून मागे बघायचं, परीक्षक हे डोळ्यात तेल घालून पाहतो. सहा महिने उलटून गेल्यावर जुन्या लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि तो इथे फौजदारी गुन्हा आहे. परीक्षा द्यावी लागणार असेल तर दुसऱ्याच महिन्यात अर्ज टाका, कारण डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स आणि परीक्षेची तारीख यांत महिने जातात.