धावत्या गाडीच्या इंजिनाची सरासरी पॉवर कशी काढावी

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं. त्यात बसलेल्यांचं वजन मिळवा. दोन माणसं म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो, ते सोडून चालत नाही. आपण एकूण 1,100 किलो धरू.

सपाट, रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये 40 वरून 80 पर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. वेळ शेजारच्याने मोजायची, चालवणाऱ्याने नाही. वेग जीपीएसवर बघा, स्पीडोमीटर सहसा थोडा जास्तच दाखवतो. समजा 6 सेकंद लागले.

वेगांना 3.6 ने भागा: 11.11 आणि 22.22 मीटर प्रति सेकंद.

आता खरी मेख. ‘वेग 40 ने वाढला, मग 40 चाच वर्ग करू’ असं सांगणारे ढिगाने भेटतात. त्यांचं ऐकू नका. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून आधी दोन्ही वेगांचे वेगवेगळे वर्ग आणि मग वजाबाकी: 493.8 वजा 123.5, म्हणजे 370.3. याला वस्तुमानाच्या निम्म्याने, 550 ने, गुणलं की सुमारे 2,03,700 ज्यूल. भागिले 6 सेकंद, म्हणजे जवळपास 34 किलोवॅट. एका एचपीला 735.5 वॅट धरले की 46 एचपी. फरकाचा वर्ग केलात तर उत्तर बरोबर एक तृतीयांश येतं, 15 एचपी. तेवढ्यात स्कूटर पळते, अकराशे किलोची कार नव्हे!

दुसरी खोड म्हणजे बल गुणिले शेवटचा वेग. 80 ला गाडी फक्त शेवटच्या क्षणी असते. सरासरी बल, 1,100 गुणिले 11.11 भागिले 6, म्हणजे 2,037 न्यूटन. त्याला मधल्या वेगाने, 16.67 ने, गुणा. पुन्हा 34 किलोवॅटच येतात. पडताळा म्हणून हे जरूर करावं.

हे 34 फक्त वेग वाढवण्यात गेले. हवेचा आणि टायरचा विरोध अशा छोट्या कारला या वेगात साधारण साडेचार किलोवॅट खातो. ते मिळवा, मग गियरबॉक्समधल्या गळतीसाठी 0.88 ने भागा: सुमारे 59 एचपी.

रस्त्याचा उतार डोळ्यांना कळत नाही. शंभर मीटरला एक मीटर चढ असला तरी या गाडीला 108 न्यूटन मागे ओढतात. म्हणून तीच चाचणी उलट दिशेनेही घ्या आणि दोन्ही उत्तरांची सरासरी काढा. आकडा ब्रोशरपेक्षा कमी आला म्हणून गॅरेज गाठू नका; ब्रोशरमधला आकडा एका ठरावीक आरपीएमवरचा, सर्वोच्च असतो.