पार्किंगच्या जागेत एका दिवसाचा बगीचा करताय? या चुका टाळा

एक फोर व्हीलर उभी करायला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, नागपुरातल्या कित्येक घरांचा हॉल एवढाच असतो. त्या हॉलमध्ये आठ-दहा माणसं आरामात बसतात आणि रस्त्यावर तेवढीच जागा दिवसभर एक बंद गाडी अडवून ठेवते. म्हणून एका दिवसासाठी तिथं झाडं, बाकडी ठेवून लोकांना बसायला जागा करायची ही कल्पना मला मनापासून आवडते. आम्ही मित्रमंडळींनी धरमपेठेच्या एका गल्लीत हे दोनदा केलंय, आणि त्यात ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक ही की बगीचा दिसायला मस्त झाला पण बसायला कोणी आलंच नाही. आम्ही चारही बाजूंनी नायलॉनची दोरी बांधली होती, समोर फ्लेक्स, मधे हिरवंगार लॉन, कडेनं शेवंतीच्या कुंड्या. लोक थांबायचे, फोटो काढायचे, पुढे जायचे. दीडेक तासानं एक आजी भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि दोरीच्या बाहेरूनच म्हणाल्या, "बाळा, इथं बसलं तं चालते का? का कोणाचं काही हाये?" तेव्हा लक्षात आलं की आपण मंडप सजवलाय, बसायची जागा केलीच नाही. आजींना खुर्ची दिली, दोरी सोडली, फ्लेक्स उतरवला, स्टूल फुटपाथकडे सरकवले, तर पंधरा-वीस मिनिटांत समोरच्या दुकानातल्या काकू आल्या, ट्यूशनहून येणारी दोन पोरं आली, मग कोणाला बोलवावं लागलं नाही.

तर तुमच्याकडे पण लोक बघून पुढे जात असतील तर आधी हे तपासा की फुटपाथकडून आत यायला मोकळी वाट आहे का, आणि आपल्यातलंच कोणी आत बसलंय का, कारण रिकाम्या जागेत पहिला माणूस बसत नाही. लॉनचं पण एक आहे, "हिरवळीवर चालू नये" ही पाटी वाचतच आपण मोठे झालो त्यामुळे लॉन दिसलं की लोक पाय ठेवत नाहीत, म्हणून अर्ध्या जागेत सतरंजी टाका. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पाठीची खुर्ची पाहिजेच, स्टूलवर त्यांना पाच मिनिटं पण बसवत नाही. बिछायत केंद्रातून दिवसाच्या भाड्यानं खुर्च्या मिळतात, विकत काहीच घ्यायची गरज नाही. फ्लेक्सच्या जागी पुठ्ठ्यावर हातानं लिहा, "बसा, जागा तुमचीच आहे".

दुसरी चूक परमिशनची, आणि ही नेटवर वाचून केलेली चूक आहे. हा प्रकार 2005 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला रेबार नावाच्या कलाकार-डिझायनर ग्रुपनं सुरू केला, त्यांनी पार्किंग मीटरमध्ये पैसे टाकून दोन तासांसाठी जागा घेतली आणि गाडीऐवजी तिथं लॉन, बाकडं आणि एक झाड ठेवलं. पुढं दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी पार्किंग डे व्हायला लागला, 2011 मध्ये 35 देशांतल्या 162 शहरांत मिळून 975 बगीचे झाले. पण त्यांची सगळी गंमत मीटरवर उभी होती, पैसे भरले म्हणजे तेवढा वेळ जागा आपली. आपल्याकडे रस्त्यावर मीटर नाही, आणि पे-अँड-पार्कची पावती फाडली तरी ती गाडीसाठी असते, कुंड्यांसाठी नाही. त्यामुळे "आम्ही पैसे भरतो न भाऊ" हे इथं चालत नाही.

मनपाच्या झोन ऑफिसला आणि ट्राफिक पोलिसांना, दोन्हीकडे अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जासोबत जागेचं स्केच जोडा, लांबी-रुंदी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय काय ठेवणार. स्पीकर लावायचा मोह टाळा, त्याची परमिशन वेगळी लागते आणि स्पीकर सुरू असला की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

तारीख. सप्टेंबरचा तिसरा शुक्रवारच पाहिजे हा हट्ट सोडून द्या. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि तिसरा शुक्रवार 18 ला, म्हणजे ऐन गणपतीत, पोलीस बंदोबस्तात अडकलेले आणि बाजारात पाय ठेवायला जागा नाही. मग लोक म्हणतात डिसेंबरात करू, थंडी असते, पण डिसेंबरात आपल्याकडे हिवाळी अधिवेशन, मोर्चे, रस्ते बंद. माझं मत विचाराल तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात, एखादा रविवार. मार्चनंतर विषयच नको, डांबराची वाफ खालून लागते.

जागा निवडताना लोक झाड बघतात, फोटो चांगला येईल का बघतात, आणि तिथं रोज कोण असतं हे बघतच नाहीत. आम्ही जी जागा आधी ठरवली होती तिथं दुपारनंतर एक हातठेलेवाले काका संत्री घेऊन उभे राहतात, आम्ही सकाळी पाहून आलो त्यामुळे ते दिसलेच नाहीत. लोकांसाठी जागा करायची म्हणून एका माणसाची दिवसाची कमाई बुडवायची हे मला कोणत्याच हिशोबात बसत नाही. आम्ही जागा बदलली. म्हणून ठरवायच्या आधी एकाच जागी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जाऊन अर्धा-अर्धा तास उभं राहा.

टू-व्हीलरचं पण तसंच. एका फोर व्हीलरच्या जागेत पाच-सहा टू-व्हीलर लागतात, म्हणजे टू-व्हीलर लागायची जागा घेतली तर पाच-सहा माणसांना त्रास आणि फोर व्हीलरची घेतली तर एकाला. फोर व्हीलरचीच घ्या. रस्त्यावर सम-विषम तारखेची पाटी असेल तर आपल्या तारखेला त्या बाजूला पार्किंग आहे का ते नक्की करा, नाहीतर त्या दिवशी ती बाजू गाड्या जायची असते आणि तुम्ही बरोबर रस्त्याच्या मधे बसलेले असता. चौकाचा कोपरा, दवाखान्याचं गेट, ऑटो स्टँड, बसस्टॉप टाळा. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेची बाजू घ्या, दुपार कलली की त्या बाजूच्या बिल्डिंगची सावली मिळते. तरी ऊन लागलंच तर उन्हाळ्यात सिग्नलवर बांधतात तशी हिरवी नेट बांधा, पण झाडाला खिळा ठोकू नका. बांबू रेती भरलेल्या डब्यात उभे करता येतात.

आता पाणी. दुसऱ्यांदा केलं तेव्हा कुंड्या फुटपाथच्या कडेला अगदी चिटकवून ठेवल्या, दिसायला नीट वाटत होतं, आणि तीन वाजता सर आली. दहा मिनिटांचा पाऊस, पण रस्त्याचं पाणी ज्या नालीकडे जातं तिचा रस्ता आमच्याच कुंड्यांनी बंद केलेला, सगळं मातीचं पाणी शेजारच्या शिलाईवाल्या दादांच्या पायरीवर. त्यांनी काही बोलले नाही पण त्यांचा चेहरा मला अजून आठवते. ज्या शहरानं 23 सप्टेंबर 2023 ची पहाट पाहिली, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो आणि नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात, त्या शहरात पाण्याची वाट अडवणं ही छोटी चूक नाही. फुटपाथच्या कडेनं वीतभर तरी जागा पूर्ण मोकळी ठेवा, कुंड्या विटांवर उचलून ठेवा. नवीन सिमेंट रोड बऱ्याच ठिकाणी दुकानांपेक्षा उंच झालेत, म्हणून आदल्या दिवशी एक बकेट पाणी ओतून उतार कुठे आहे ते बघून घ्या. हे करायला दोन मिनिटं लागतात.

गाड्यांच्या बाजूनं फक्त शोभेच्या कुंड्या ठेवणं पण चूकच आहे, प्लास्टिकची कुंडी गाडीच्या धक्क्यानं उडते. त्या बाजूला जड सामान ठेवा, सिमेंटच्या मोठ्या कुंड्या किंवा रेतीची पोती, पार्किंगच्या पट्ट्याच्या हातभर आत, आणि त्यावर रेडियमची पट्टी. लहान पोरांना रस्त्याकडे पाठ करून बसवू नका, आणि चेंडू बगीच्यात आणूच देऊ नका, तो घरंगळत रस्त्यावर जातो आणि मागून पोरगं पळते. झाडांत कण्हेर नको, विषारी असते. तुळस, मोगरा, कढीपत्ता चालते, कढीपत्त्याचं पान चोळून वास घ्यायला पोरांना फार आवडते.

दुकानदार भांडायला आले तर? येतातच, गिऱ्हाईक कुठे गाडी लावेल हा त्यांचा प्रश्न खरा आहे. तिथं उभं राहून पर्यावरणावर भाषण देऊ नका. चार-पाच दिवस आधी जा, स्केच दाखवा, कोणती एक जागा आणि किती तास हे सांगा, शक्य असेल तर त्यांच्या दुकानासमोर न करता दोन दुकानं पुढे करा, आणि चहा त्यांच्याच गल्लीतल्या टपरीवरून मागवा. आमच्याकडे ज्या दादांच्या पायरीवर पाणी गेलं ती पायरी आम्ही आधी धुतली आणि मग बोललो.

आवरताना घाई करू नका. अंधार पडायच्या आधी सामान उचला, खुर्च्या मोजून परत द्या, लॉन गुंडाळून नर्सरीत किंवा कोणाच्या अंगणात. कुंड्या अशाच माणसाला द्या जो पाणी घालेल, आमच्या दोन कुंड्या त्या आजींकडे आहेत. आणि सगळं उचलल्यावर रस्ता झाडून मग धुवा, कारण ओल्या मातीचा थर राहिला तर सकाळी पहिली टू-व्हीलर तिथंच घसरते.