पट्टा कधी सोडायचा, हे मी कसं ठरवलं

आमची कुत्री घरात एका हाकेत येते, पण मैदानात खार दिसली की तिला मी दिसतच नाही. पट्टा सोडायचा की नाही, हा प्रश्न सुटला तो लांब दोरीमुळे.

10 मीटरची हलकी दोरी घेतली आणि गळपट्ट्याऐवजी छातीच्या हार्नेसला बांधली. धावताना हिसका मानेवर बसला तर इजा होऊ शकते. दोरी जमिनीवर घसटू द्यायची आणि तिचं लक्ष दुसरीकडे असताना हाक मारायची. एकदाच. आली की लगेच आवडता खाऊ, आणि पुन्हा मोकळी. हे पुन्हा मोकळं सोडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. हाक म्हणजे खेळ संपला, असं एकदा डोक्यात बसलं की ती येणं टाळणारच.

मग मी तिचे कान बघायला लागले. हाकेसरशी कान मागे वळला, मान फिरली, तर ती ऐकतेय. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर एकाच जागी खिळलेली असेल तर हाक पोचतच नाही. तेव्हा सरळ दोरी हातात घ्यायची.

इतर कुत्री, सायकली आजूबाजूला असतानाही ती पहिल्या हाकेला वळू लागली, तेव्हाच दोरी काढली, तीही कुंपणाच्या आत. रस्त्यालगत, गुरं चरतात तिथे किंवा पट्ट्याचा नियम असेल तिथे अजूनही पट्टाच. वयात येताना शिकलेली हाकही कुत्री विसरल्यासारखं करतात, त्या महिन्यांत तर घाई नकोच.

समोरून पट्ट्यातला कुत्रा आला तर मी आधी तिला बोलावून पट्टा अडकवते. तो घाबरट आहे की आजारी, हे आपल्याला कुठे माहीत असतं?