बॅरिटोन सॅक्सोफोन आणि माउथपीस घेताना या चुका टाळा

जेरी मलिगन आणि पेपर अ‍ॅडम्स एकाच काळातले, दोघेही जॅझमधले बॅरिटोन सॅक्सवाले, म्हणजे खर्जातला मोठा सॅक्सोफोन वाजवणारे. मलिगनने 1952 साली लॉस एंजेलिसमध्ये पियानो न घेता चौघांचा संच उभा केला. चेट बेकरच्या ट्रम्पेटबरोबर त्याचा बॅरिटोन गप्पा मारल्यासारखा हलका, मऊ वाजतो. अ‍ॅडम्सला सोबतचे वादक ‘सुरी’ म्हणायचे, आणि ऐकल्यावर का ते लगेच कळतं. मलिगनकडे जुना कॉन 12एम सॅक्स आणि गेलचा माउथपीस (तोंडात धरायचा भाग), अ‍ॅडम्सकडे सेल्मरचा सॅक्स आणि बर्ग लार्सनचा माउथपीस. हे वाचलं की नवा वादक त्याच नावांची यादी घेऊन बाजारात उतरतो. पहिली चूक तिथेच होते.

आवाज ठरवण्याआधी वाद्य ठरवणं

आवाज सर्वात जास्त वादकाच्या ओठ-जबड्यातून आणि घशातून येतो, त्याखालोखाल माउथपीस आणि त्यावर बांधलेल्या रीडमधून, म्हणजे कंप पावणाऱ्या पातळ पट्टीतून. वाद्याचा नंबर त्यानंतर. अ‍ॅडम्सला मलिगनचा कॉन दिला असता तरी तो अ‍ॅडम्ससारखाच वाजला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून आधी भरपूर ऐका आणि आपल्याला नक्की काय हवंय ते साध्या शब्दांत स्वतःला सांगा: भरदार की धारदार, एकट्याने वाजवायचंय की पंधरा-सोळा जणांच्या बिग बँडमधून वर यायचंय.

वाद्याबाबत एक निर्णय मात्र आधीच करावा लागतो, लो ए (सॅक्सच्या लिपीत ए लिहिलेला, लो बी-फ्लॅटच्याही खालचा सूर) हवा की नको. लो ए असलेल्या बॅरिटोनचा सर्वात खालचा सूर प्रत्यक्षात ऐकू येतो पियानोवरच्या पांढरी एकचा, चेलोच्या सर्वात खालच्या तारेएवढा खोल. आजचं बिग बँड आणि सॅक्स क्वार्टेटचं लेखन तो सूर गृहीत धरतं. लो बी-फ्लॅटपर्यंतच जाणारी जुनी वाद्यं मोकळी वाजतात असं अनेक वादक म्हणतात. ती हलकीही असतात. लिहिलेलं संगीत वाजवायचं असेल तर लो ए घ्या; स्वतःच्या संचात जॅझ वाजवायचं असेल तर त्यावाचून काही अडत नाही.

माउथपीसवरचे आकडे सगळीकडे सारखे समजणं

बर्ग लार्सनवर 110/2 असं कोरलेलं असतं. पहिला आकडा टोकाच्या फटीचा, इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे रीड आणि माउथपीसच्या टोकात साधारण 2.8 मिलिमीटर अंतर. दुसरा आकडा आतल्या पोकळीचा. 0 सर्वात तिखट, 3 सर्वात गडद. ओटो लिंकचा 7 स्टार, व्हॅन्डोरेनचा बी 5, सेल्मरचा सी स्टार, यामाहाचा 4 सी या प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. एका कंपनीच्या 5 वरून दुसऱ्या कंपनीच्या 5 चा अंदाज बांधू नका. कंपनीच्या तक्त्यात मिलिमीटर बघा.

फट मोठी म्हणजे आवाज मोठा, हा समज तर फारच चिवट आहे. मोठ्या फटीला दमही जास्त लागतो आणि रीड नरम घ्यावी लागते. ओठ तयार नसतील तर सूर खाली घसरत राहतो. धार हवी असेल तर फटीपेक्षा आतला बॅफल, म्हणजे टोकामागचा उतार, बघा. बॅफल उंच असेल तर हवा वेगाने जाते आणि आवाज उजळ, टोकदार होतो. बॅफल खाली आणि पोकळी मोठी असेल तर आवाज गोल होतो. सुरुवात करणाऱ्याने यामाहा 4 सी किंवा 5 सी घ्यावा. शास्त्रीय पाश्चात्य संगीतासाठी सेल्मर सी स्टार पुरेसा आहे.

जुन्या वाद्यावर नवा, अरुंद माउथपीस

कॉन, ब्युशर, मार्टिन ही जुनी अमेरिकन वाद्यं मोठ्या पोकळीच्या माउथपीससाठी बनलेली. त्यावर उंच बॅफलचा, छोट्या पोकळीचा माउथपीस लावला की वरचे सूर चढू लागतात आणि लो बी, बी-फ्लॅट मोटारबोटीसारखे भडभडतात. बेलमधून, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडातून, खाली बुच टाकून भडभड थांबवण्याची जुनी युक्ती आहे आणि ती कधीकधी चालते, पण आधी मोठ्या पोकळीचा माउथपीस लावून बघा.

जुनं वाद्य घेताना सिरियल नंबराजवळचा शिक्काही वाचा. एच किंवा एच.पी. म्हणजे हाय पिच, जुनी चढी पट्टी, ए सुमारे 457 हर्ट्झचा. असं वाद्य आजच्या 440 ला माउथपीस कितीही बाहेर ओढलात तरी नीट लागत नाही. किंमत कमी दिसली म्हणून ते उचलू नका.

लीकचं खापर माउथपीसवर फोडणं

खर्जातले सूर फुटत नाहीत म्हणून लोक माउथपीसमागून माउथपीस घेतात, आणि दोष निघतो पॅडमध्ये, म्हणजे छिद्रं झाकणाऱ्या गाद्यांमध्ये. मधल्या सुरापासून एकेक सूर हलक्या बोटांनी खाली या. दाबून धरल्यावरच सूर येत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. खोलीत अंधार करून नळीत एलईडीची बारीक माळ सोडा. बंद पॅडच्या कडेला उजेडाची रेघ दिसली की जागा सापडली.

एक तपासणी दिव्याशिवायही होते. उजव्या हाताची तिन्ही बोटं दाबून डी वाजवा आणि सूर चालू असताना जी-शार्पची की दाबा. आवाजात काहीही बदल होता कामा नये. बदलला, तर जी-शार्पचं झाकण धरून ठेवणारा स्क्रू सैल आहे. लो बी आणि बी-फ्लॅटच्या कीज जी-शार्पला जोडलेल्या असल्याने त्या दाबताच ते झाकण किंचित उचललं जातं आणि खालचा सूर फुटत नाही किंवा वरच्या सप्तकात उडी मारतो. कारागीर हे काही मिनिटांत करून देतो.

आणि गुडगुड आवाज आला तर वरच्या वळशात साचलेलं पाणी आधी काढा. तिथे पाणी सोडायची की असते. तेवढ्याने भागलं नाही तर वाद्याचा गळा (माउथपीस बसतो ती वाकडी नळी) काढून वाद्य उलटं करा.

चावून वाजवणं

नुसता माउथपीस फुंकून सूर बघा. शास्त्रीय वादनात तो पांढरी दोनच्या आसपास असावा, जॅझवाले त्याहून खाली ठेवतात. बराच वर असेल तर जबडा आवळला जातोय, आणि मग कोणताही माउथपीस पातळच वाजेल. पुष्कळदा कारण पट्टा असतो. पाच-सहा किलोचं वाद्य मानेवर लोंबकळलं की डोकं खाली जातं आणि दात लागतात. खांद्यावरचा हार्नेस घ्या, आणि माउथपीस तोंडाशी येईल इतका पट्टा वर ओढा. तोंड माउथपीसकडे नेऊ नका.

रीडबद्दल एवढंच की मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती वाकते आणि बुरशीही धरते. पुसून, सपाट काचेवर वाळवूनच डबीत टाका.

माउथपीस निवडायला जाताना स्वतःच्या सवयीच्या दोन-तीन रीड न्या आणि प्रत्येक माउथपीसवर त्याच लावा. फोनवर रेकॉर्ड करून निर्णय घेऊ नका. फोनचा माइक खर्ज खातो, त्यामुळे सगळेच माउथपीस तिखट वाटतात. त्यापेक्षा कानाचा पक्का मित्र सोबत न्या आणि त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून उभं राहायला सांगा.