क्लच घसरतोय? आधी केबल बघा, मग प्लेटा

अंजनेरीच्या चढावर डर्ट बाइकचं इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी तेवढी ओढत नाही, तर क्लच घसरतोय. प्लेटांचा खर्च करण्याआधी एवढं करा.

१. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगात थ्रॉटल जोरात पिळा. आरपीएम चढले पण वेग जागेवरच राहिला, तर शंका खरी.

२. लिव्हर चाचपा. केबलच्या क्लचला लिव्हरच्या टोकाशी बहुतेक गाड्यांवर १० ते २० मिमी ढिली चाल, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची रिकामी हालचाल, लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. चालच नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो. अ‍ॅडजस्टर फिरवून ढील द्या, मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा बघा. पावसाळ्यात चिखलाने केबल अडकते, तेही पाहा. अर्धी दुखणी इथेच संपतात, असं माझं मत.

३. ऑइल जासो एमए किंवा एमए२ (इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या बाइकच्या क्लचसाठीचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) आहे ना? कारचं उरलेलं ऑइल ओतायचा मोह नको.

४. तरीही घसरला तर प्लेटा. क्लच कव्हर सहसा उजवीकडे असतं, म्हणून गाडी डावीकडे आडवी केली की ऑइल न काढता ते उघडता येतं. फ्रिक्शन प्लेटांची (घर्षणाचा थर असलेल्या) जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजा. निळ्या पडलेल्या स्टील प्लेटा बदला. नव्या फ्रिक्शन प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवूनच बसवा.

गाडी आडवी करण्याआधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. टाकीच्या झाकणातूनही पेट्रोल गळतं.