गोव्यातलं घर फोटो पाहून निवडताना या चुका टाळा

पावसाळ्यातलं मळभ पुसून निळं आभाळ चिकटवायला आता मोबाइलवर अर्धा मिनिटही लागत नाही. त्या आभाळानं फारसं बिघडत नाही, कारण आभाळ कुणी विकत घेत नाही. घात होतो तो फोटोतून काढून टाकलेल्या गोष्टींनी: खिडकीसमोरच्या विजेच्या तारा, भिंतीच्या पायथ्याची ओल, शेजारचं अर्धवट बांधकाम, गच्चीवरचा पत्रा. पुण्या-मुंबईत किंवा आखातात बसून शिवोली, आसगाव, हळदोण्यातली घरं चाळणारा मात्र सोफा आणि पडदे बघत बसतो.

चूक: खोलीचा आकार नजरेनं ठरवणं

मोबाइलमधली ०.५ची लेन्स साधारण १२० अंशांचा पट्टा टिपते. कोपऱ्यात पाठ टेकवून फोटो काढला की १० बाय १०ची खोलीसुद्धा हॉल वाटते. यात एडिटिंग काहीच नाही, तरी फसगत पुरेपूर. खूण फोटोच्या कडांना सापडते. तिथला फ्रिज, उशी किंवा खुर्ची बाहेरच्या बाजूला ताणल्यासारखी दिसते.

अशा वेळी फरशी मोजा. अलीकडच्या फ्लॅटांत ६०० बाय ६०० मिमीची, म्हणजे जवळजवळ २ फुटांची टाइल सर्रास असते. भिंतीलगत पाच टाइल भरल्या तर खोली १० फूट. मोठ्या मापाच्या टाइलही बसवतात, म्हणून टाइलचं माप आधी विचारून घ्या. जुन्या घरात लाल सिमेंटची जमीन असेल तर दार धरा, त्याची उंची बहुधा ७ फुटांच्या आसपास असते.

फोटोत नंतर चिकटवलेलं डिजिटल फर्निचरही याच मोजणीत पकडलं जातं. तीन माणसांचा सोफा ६ ते ७ फुटांचा, म्हणजे तीन टाइल तरी व्यापणार. तो अडीच टाइलमध्ये मावत असेल तर खोली मोठी दिसावी म्हणून सोफा लहान केलाय. पायांखाली सावली नाही, चकचकीत टाइलमध्ये प्रतिबिंब नाही, भिंतीवर टीव्ही आहे पण जवळपास एकही स्विचबोर्ड नाही, अशा खुणाही असतात. शेवटची विशेष पाहा, कारण फर्निचर चिकटवताना खरे विजेचे पॉइंट बऱ्याचदा झाकले जातात.

चूक: गुळगुळीत भिंत म्हणजे चांगली भिंत

फोटोवर खरेदी करणाऱ्याला सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. भिंतीतला चिऱ्याचा (जांभा) दगड सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. ओल मुख्यतः तीन जागी दिसते: तळमजल्याच्या भिंतीचे खालचे दोन-तीन फूट, खिडक्यांचे कोपरे आणि सर्वांत वरच्या मजल्याचं छत. फोटोतला डाग पुसणारं ॲप शेजारचा रंग उचलून डागावर पसरतं. त्यामुळे त्या भागात गिलाव्याचा खरखरीतपणा अचानक नाहीसा होतो, स्कर्टिंगची (फरशीलगतच्या पट्टीची) रेघ वाकडी होते किंवा तुटते, कधी रंगाचा एकच ठिपका दोन ठिकाणी उमटतो. फोटो झूम करून नेमक्या या तीन जागा तपासा.

त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे टॉर्चचा व्हिडिओ. दिवे बंद करायला सांगा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, प्रकाश भिंतीलगत समांतर जाईल असा धरायला सांगा. समोरून मारलेल्या प्रकाशात न दिसणारे फुगवटे, रंगाचे पोपडे, पुट्टीची ठिगळं अशा तिरप्या प्रकाशात सावली टाकतात. खालचे तीनच फूट नव्यानं रंगवलेले दिसले तर कारण विचारा. कपाट आणि पलंगामागची भिंतही दाखवायला लावा. गच्चीवर पत्र्याचं छप्पर असेल तर ते स्लॅब गळत होता म्हणून घातलं की कपडे वाळवण्यापुरतं, हेही विचारून घ्या. ड्रोनच्या फोटोत पत्र्याच्या जागी स्वच्छ गच्ची आणि दोन आरामखुर्च्या दिसत असतील, तर हा प्रश्न आधी.

चूक: खिडकीबाहेर न पाहणं

आतून काढलेल्या फोटोत खिडकीबाहेर नुसता पांढरा उजेड किंवा फक्त हिरवळ दिसत असेल तर प्रत्येक खिडकीतून बाहेरचा सरळ फोटो मागा, झूम न करता. तारा पुसलेल्या फोटोत खांब उरतो आणि त्यावरून कुठेच काही जात नाही, ही चूक गमतीदार वाटावी इतकी वरचेवर आढळते. तारा लपवण्यामागे नुसती शोभा नसते. ११ केव्हीची उघडी तार आणि इमारत यांत आडवं अंतर किमान १.२ मीटर, तर ३३ केव्हीपर्यंत २ मीटर ठेवावं लागतं. पुढे बाल्कनी वाढवायचा बेत असेल तर तो इथेच अडतो. शेजारच्या भूखंडासाठी गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं लावून पाहा. तिथे पाया खणलेला असेल तर दिसेल.

आभाळ बदललेलं ओळखणं सोपं आहे. वर कडक निळाई आणि खाली शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, डबक्यात करडं प्रतिबिंब, झाडांना सावली नाही. ऊनही तपासता येतं. फोटो डिसेंबरचा म्हणून सांगितलाय आणि उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत आलंय, तर दिशा खोटी, महिना खोटा किंवा ऊन खोटं.

चूक: ‘सी व्ह्यू’ आणि ‘फील्ड व्ह्यू’ फोटोवर सोडणं

समुद्राचा फोटो बहुधा ड्रोनचा असतो. स्टिल्टवरच्या (खाली पार्किंगचे नुसते खांब असलेल्या) पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण साडेचार मीटरवर, दुसऱ्या मजल्यावर साडेसातवर. नारळ सहज १५-२० मीटर वाढतो. फोटोत माडांचे शेंडे खाली आणि समुद्र वर दिसत असेल तर तो देखावा तुमच्या बाल्कनीचा नाही.

शेताचं दृश्य खरं असलं तरी ऋतूचं असतं. ऑगस्टमधलं हिरवंगार भात एप्रिलमध्ये मातकट दिसणार. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे ते शेत उद्या शेतच राहील का. सर्व्हे प्लॅनवरून समोरच्या जमिनीचा सर्व्हे नंबर काढा, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा फॉर्म I आणि XIV) पाहा आणि नगरनियोजन खात्याकडून झोनिंग दाखला घ्या. समोरची जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे बांधकाम करता येणाऱ्या पट्ट्यात असेल तर ‘कायमचं फील्ड व्ह्यू’ हे शब्द विसरा.

चूक: ‘ओरिजिनल’ फोटोवर थांबणं

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून तारीख, कॅमेरा, ठिकाण ही माहिती गळून जाते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. पण ही माहिती बदलताही येते, म्हणून ती पुरावा नव्हे. गूगल लेन्सवर फोटो टाकून पाहिला तर तोच हॉल दुसऱ्या गावातल्या जाहिरातीत सापडू शकतो.

भरवसा अखंड व्हिडिओ कॉलवर ठेवा. सुरुवात रस्त्यावरून: गेट, घर नंबर, जिना, दार. आत प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून पूर्ण गिरकी, मग छताचे चारी कोपरे, मग खिडकी उघडून बाहेर खाली आणि दोन्ही बाजूंना. नळ सोडायला सांगा. नेटवर्क नाही म्हणून मधल्या दोन खोल्या राहिल्या, तर त्या दोन खोल्या पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

चूक: जाहिरात जपून न ठेवणं

घर आवडलं त्याच दिवशी जाहिरातीचे सगळे फोटो, मजकूर आणि लिंक तारखेसह स्क्रीनशॉट करून ठेवा, कारण सौदा ठरला की जाहिरात उतरते. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायदा, २०१६च्या कलम १२नुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला बिल्डरकडून भरपाई मागता येते, आणि व्यवहार सोडायचा असेल तर व्याजासह पैसे परत. नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो गोवा रेराच्या संकेतस्थळावर टाकून मंजूर नकाशा फोटोशी ताडून पाहा. मात्र ५०० चौ. मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा ८ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि गावागावांतल्या चार-पाच व्हिलांच्या योजना नेमक्या याच मापाच्या असतात. मालकाकडून पुनर्विक्रीत घेतलेल्या घरालाही कलम १२चा आधार सहसा मिळत नाही. तिथे फोटोतल्या ज्या वस्तू घरासोबत मिळणार त्यांची यादी विक्री करारातच घालून घ्या.

विकणाऱ्यांसाठी एवढंच: उजेड वाढवा, रंग नीट करा, वाकड्या भिंती सरळ करा. ओल, तारा, खांब, शेजारची इमारत यांना हात लावू नका. रिकाम्या खोलीत डिजिटल फर्निचर घातलं तर ‘सजावट डिजिटल आहे’ हे फोटोवरच लिहा आणि पुढचाच फोटो रिकाम्या खोलीचा लावा. खालच्या वर्णनात लिहिलेली ओळ फोटो फॉरवर्ड झाला की मागेच राहते.