टंबलरमधली ग्रिट दुसऱ्यांदा कधी चालते, कधी नाही

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या वाळवंटात अकीक, जॅस्पर आणि काळ्या बेसाल्टचे गोटे मिळतात. ते टंबलरमध्ये, म्हणजे दगड गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या बॅरलमध्ये, पाणी आणि ग्रिट (सिलिकॉन कार्बाइडचे कठीण दाणे) घालून घासतात. मोह्स मापावर अकीकाची कठीणता ६.५ ते ७ आणि सिलिकॉन कार्बाइडची ९ च्या वर, म्हणून ग्रिट दगड कापते. पण कापता कापता तिचे दाणेही तुटतात. प्रत्येक तुकड्याला नवी धार येते खरी, फक्त दाणा बारीक होत जातो. फिरत्या बॅरलमध्ये ६०/९० नंबरची जाड ग्रिट (नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक) साधारण ७ दिवसांत बहुतेक संपते. बॅरलमध्ये उरलेला तो चिखलासारखा गाळ जसाच्या तसा परत घातला, तर दगड नुसते एकमेकांवर घासत राहतात आणि आठवडा वाया जातो.

म्हणून आधी तपासा. चिमूटभर गाळ काचेच्या तुकड्यावर ठेवून दुसऱ्या काचेने हलका दाब देत फिरवा. स्पष्ट करकर ऐकू आली तर आत दाणा शिल्लक आहे. साय फिरवल्यासारखं वाटलं तर त्या गाळातून काही निघणार नाही.

दाणा असेल तर तो निवळून काढायचा. बादलीत २० सेंटीमीटर पाणी घ्या, त्यात गाळ आणि दगड धुतलेलं पाणी ओता. पाणी ताकापेक्षा दाट दिसत असेल तर दोन बादल्या करा, कारण दाट चिखलात जड दाणासुद्धा तरंगत राहतो आणि ओतताना चांगली ग्रिट निघून जाते. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ढवळा, १५ सेकंद मोजा आणि वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बादलीत ओता. ६०/९० चा दाणा २० सेंटीमीटर खाली यायला दहाएक सेकंद पुरतात, बारीक चिखल मात्र वरच राहतो. वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे चार-पाच वेळा करा. शेवटी तळाला राहिलेला साका चहाच्या गाळणीतून काढा म्हणजे दगडाच्या कपच्या वर अडकतील.

या साक्यात दगडाची रेतीही असते, म्हणून त्याची किंमत निम्मी धरा. दीड किलोच्या बॅरलला ६०/९० ची ४ मोठे चमचे ग्रिट लागते. साका २ चमचे निघाला तर तो १ समजा आणि ३ चमचे नवी घाला. बॅरल दोन तृतीयांश भरा आणि पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली ठेवा. सोबत जुना दाट गाळ अर्धा कप घातला तर ग्रिट दगडाला चिकटून राहते, पहिल्या दिवसापासून काम सुरू होतं आणि दगडांचे धक्केही कमी बसतात. हा गाळ जाड टप्प्यातच, म्हणजे ६०/९० च्या पहिल्या फेरीतच वापरायचा.

पुढच्या टप्प्यातल्या १२०/२२० ग्रिटसाठी १५ सेकंदांऐवजी पूर्ण १ मिनिट थांबा. हाती थोडंच लागतं. ५०० नंबरच्या ग्रिटसाठी हा खटाटोप करू नये. तो दाणा खाली बसायला दहाएक मिनिटं लागतात आणि तोवर चिखलही त्याच्याबरोबर बसतो.

झिजलेली जाड ग्रिट ‘आता २२० झाली’ म्हणून पुढच्या टप्प्यात घालणं ही नेहमीची चूक. सगळे दाणे सारखे झिजत नाहीत. शंभरातले दोन अख्खे राहिले, तरी ते आठवडाभर सगळ्या दगडांवर ओरखडे काढतात. बारीक ग्रिट जाड टप्प्यात गेली तर बिघडत नाही, उलटं कधीच करू नका.

पॉलिशची ॲल्युमिनियम ऑक्साइड पावडर मात्र एक-दोनदा परत चालते. रात्रभर बसू द्या, वरचं पाणी काढा आणि झाकणाच्या बरणीत ‘फक्त पॉलिश’ लिहून ठेवा. पॉलिशचं बॅरल वेगळं असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बेसाल्टला बारीक भोकं असतात, त्यांत जाड दाणा अडकतो. दातांच्या ब्रशने घासूनही एखादा आत राहतो, पॉलिशच्या चौथ्या दिवशी सुटतो आणि चमकत्या अकीकावर पांढरी रेघ उमटते. भोकांचा बेसाल्ट पॉलिशला घेऊच नका, आणि अशी रेघ दिसली तर ती पावडर फेकून द्या. स्टिल्बाइटसारखे झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारे स्फटिक) आणि त्यांच्यासोबत सापडणारे ॲपोफिलाइट अकीकाबरोबर घालायचे नाहीत. ते मऊ असतात, त्यांचा भुगा होतो.

दुसऱ्या बादलीतलं पाणी रात्रभर निवळलं की वरचं पुढच्या धुण्याला वापरा. खालचा चिखल मोरीत ओतू नका, नळीत तो सिमेंटसारखा बसतो. जुन्या गोणपाटावर पसरून ओलसर असतानाच पिशवीत बांधून टाका. कोरडा करून झाडला तर सिलिकाची धूळ श्वासात जाते, आणि सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार त्याच धुळीने होतो.